काठी, फुगा आणि रांगोळी : शाळेत अवकाश विज्ञान सुरू करताना

मी जुन्नर तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत सहावी-सातवीला विज्ञान आणि गणित शिकवते. सुरुवातीला आमच्या शाळेतलं अवकाश म्हणजे ऑफिसच्या भिंतीवरचा ग्रहमालेचा तक्ता. २८ फेब्रुवारीला, विज्ञान दिनी, तो उतरवायचा, धूळ झटकायची, एका मुलीने 'मी पृथ्वी बोलतेय' म्हणायचं, टाळ्या वाजवायच्या आणि तक्ता परत खिळ्याला. मग मला उत्साह आला आणि लोकवर्गणीतून दुर्बीण घेतली. खोक्यावर '५२५ पट' असं छापलेलं होतं. तिची तिवई इतकी डुगडुगायची की चंद्र डोळ्यासमोरून नुसता इकडून तिकडे पळायचा. दोन महिन्यांत ती कपाटात गेली.

आता जे चालतं ते काठी, फुगा, आरसा आणि रांगोळीवर चालतं. तुम्ही नव्याने सुरुवात करत असाल तर माझी एवढीच विनंती : मुलांना आधी मोजू द्या, सांगायचं ते मागाहून सांगा. खालचा क्रम त्याच हिशोबाने लावला आहे.

आधी जमवायचं सामान आणि कागद

सामान : एक मीटरच्या वर भरेल अशी सरळ काठी, गवंड्याचा ओळंबा (नसला तर सुतळीला बांधलेला नट), ३० मीटरचा टेप, कोनमापक, खिशातला आरसा, काळा कागद, फुगे, दोन लिटरच्या कोल्ड्रिंकच्या रिकाम्या बाटल्या, सायकलचा पंप, एक मोठं ताट, रांगोळी, हळद. यातलं निम्मं मुलं घरूनच आणतात.

कागद : शाळेच्या आवारातल्या दिवसाच्या कामाला मुख्याध्यापकांना सांगितलं की पुरतं. रॉकेट आणि रात्रीचं आकाशदर्शन यांसाठी मात्र पालकांची लेखी संमती घ्या आणि शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत विषय ठेवून इतिवृत्तात नोंद करून घ्या. खर्च दोनशे रुपये असला तरी पावत्या जपा. आणि प्रत्येक मुलाला एक वही. तिच्यात निबंध नको, तारीख, वेळ आणि आकडा एवढंच लिहायचं.

१. काठी रोवा

मैदानात सपाट, दिवसभर उन्हात राहील अशी जागा बघा. काठी जमिनीच्या वर बरोबर एक मीटर राहील अशी रोवा आणि दोन बाजूंनी ओळंबा लावून ती सरळ आहे ना ते तपासा. साडेअकरापासून दर दहा मिनिटांनी सावलीच्या टोकावर खडा ठेवायचा आणि लांबी वहीत लिहायची.

इथला पहिला खड्डा माझ्याच पायाखाली आला. पहिल्या वर्षी मी बारा पाचला सगळं गुंडाळलं, कारण खिचडीची घंटा झाली होती आणि पुस्तकातही 'दुपारी बारा वाजता सूर्य डोक्यावर' असंच होतं. दुसऱ्या दिवशी एक मुलगी जेवून परत मैदानात गेली आणि धावत आली. "बाई, सावली अजून कमीच होतीये." बरोबर होतं तिचं. आपलं घड्याळ ८२.५ अंश पूर्व रेखावृत्तावर लावलेलं आहे आणि आमचं गाव ७४ अंशांच्या आसपास. दर अंशाला चार मिनिटं, म्हणजे सूर्य आमच्याकडे साधारण ३४ मिनिटं उशिरा पोचतो. पृथ्वीची कक्षा लंबवर्तुळाकार आणि तिचा आस कललेला असल्यामुळे त्यात वर्षभर काही मिनिटं कमी-जास्त होतात. सप्टेंबरच्या शेवटी आमच्याकडे सर्वांत लहान सावली बारा सत्तावीसच्या सुमारास येते, मार्चमध्ये बारा एक्केचाळीसला. तेव्हा मोजणी एक वाजेपर्यंत चालू ठेवा, जेवणाची वेळ त्या दिवसापुरती पुढे ढकलून घ्या आणि हे कारण मुलांना लगेच सांगू नका. दोन-तीन दिवस त्यांना घड्याळाशी भांडू द्या.

सर्वांत लहान सावलीची रेघ म्हणजे उत्तर-दक्षिण. याहून बिनचूक हवी असेल तर शुल्बसूत्रांतली (भूमितीच्या प्राचीन भारतीय ग्रंथांतली) जुनी रीत वापरा : काठीभोवती सुतळीने वर्तुळ काढा, सकाळी सावलीचं टोक वर्तुळाला जिथे टेकतं आणि दुपारनंतर जिथे टेकतं ते दोन बिंदू जोडा. ती पूर्व-पश्चिम. मोबाइलमधलं होकायंत्र आणायचा मोह होईल. आणू नका, ते लोखंडी फाटकाजवळ भलतीच दिशा दाखवतं आणि मुलांचा स्वतःच्या रेघेवरचा विश्वास उडतो.

आता वर्षभरात निदान तीनदा मोजा. आमच्या अक्षांशावर एक मीटर काठीची दुपारची सावली २३ सप्टेंबरच्या आसपास ३५ सेंटिमीटर भरते आणि २२ डिसेंबरला ९२. जूनमध्ये ढगांची फट मिळाली तर मजा बघा : सावली सात-आठ सेंटिमीटरची आणि तीही दक्षिणेला! 'सूर्य दक्षिणेकडून जातो' असं पाठ केलेली मुलं इथे थबकतात. ऋतू का होतात याचं चित्र फळ्यावर काढायची वेळ ती, त्याआधी नाही.

सप्टेंबरची मोजणी सोडू नका. त्या दिवशी कागदावर १० सेंटिमीटरची उभी रेघ (काठी) आणि साडेतीन सेंटिमीटरची आडवी (सावली) काढून त्रिकोण पुरा करा. वरच्या टोकाचा कोन मोजला की १९ अंश येतो. मग नकाशा उघडून आपल्या गावाचा अक्षांश बघायला सांगा. एका काठीने आपण पृथ्वीवर कुठे आहोत ते सापडतं हे कळल्यावर वर्गात जी शांतता होते, ती अनुभवण्यासारखी असते.

शून्य सावली दिवसाबद्दल, म्हणजे दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो त्या दिवसाबद्दल : महाराष्ट्रात तो मे महिन्यात येतो. दक्षिणेला सावंतवाडीकडे पहिल्या आठवड्यात, पुण्यात १३-१४ मेच्या सुमारास, मुंबईत १५-१६ ला, नागपुरात २६ च्या आसपास. म्हणजे नेमका सुट्टीत. दुसऱ्यांदा जुलै-ऑगस्टमध्ये येतो तो ढगांत. त्यामुळे हा शाळेत होणार नाही हे गृहीत धरा आणि मुलांना घरी करायला सांगा : तांब्या किंवा स्टीलचा डबा अंगणात ठेवायचा आणि सावली कधी बुडाशी लपते ते बघायचं. मामाच्या गावी गेलेल्या मुलांच्या नोंदी वेगवेगळ्या तारखांच्या येतात. जूनमध्ये त्या फळ्यावर गावागणिक लिहून काढल्या की धडा आपोआप झाला.

२. आरशाने सूर्य भिंतीवर आणा

काळ्या कागदाला एक सेंटिमीटरचं चौकोनी भोक पाडून तो आरशावर चिकटवा. बाहेर उन्हात आरसा विटेला टेकवून कवडसा उघड्या दारातून अंधाऱ्या खोलीच्या भिंतीवर पाडा. भोक चौकोनी, पण वीस मीटरवर पडणारा कवडसा गोल येतो. तो सूर्याचा गोल आहे, भोकाचा नव्हे. व्यास मोजला की १९ सेंटिमीटरच्या आसपास भरतो. अंतर भागिले व्यास केलं की शंभर ते एकशे दहाच्या मध्ये आकडा येतो (खरा १०७). सूर्य १५ कोटी किलोमीटरवर आहे एवढं सांगा आणि भागाकार मुलांना करू द्या. सूर्याचा व्यास सुमारे १४ लाख किलोमीटर येतो. तो आकडा वहीत जपून ठेवा, पुढच्या पायरीला लागतो.

काळजी : आरशात कुणीही वाकून बघायचं नाही आणि कवडशाच्या वाटेत कुणी उभं राहायचं नाही. सूर्याकडे थेट बघायला एक्स-रेची फिल्म, काजळी धरलेली काच, पाण्यातलं प्रतिबिंब यांतलं काहीही चालत नाही. २ ऑगस्ट २०२७ ला आपल्याकडे खंडग्रास सूर्यग्रहण आहे. ढगांनी मेहेरबानी केली तर हाच आरसा कामी येईल.

३. फुग्याचा सूर्य, राजगिऱ्याची पृथ्वी

तक्त्यातली सगळ्यांत मोठी लबाडी म्हणजे त्यातले ग्रह एकमेकांना चिकटून बसलेले असतात. आकार आणि अंतर दोन्ही एकाच मापात असलेली ग्रहमाला कागदावर मावतच नाही, म्हणून ती मैदानात करायची. माप सोपं ठेवा : एक लाख किलोमीटर म्हणजे एक सेंटिमीटर.

सूर्य १४ सेंटिमीटरचा. फुग्याचा व्यास कसा मोजणार? परीघ मोजा. २२/७ गुणिले १४ म्हणजे ४४. फुग्याभोवती ४४ सेंटिमीटरचा दोरा बरोबर बसेपर्यंत फुगवा. २२/७ चा असा उपयोग मुलांना पहिल्यांदाच दिसतो.

पृथ्वी १.३ मिलिमीटर : राजगिऱ्याचा दाणा, सूर्यापासून १५ मीटरवर. शुक्र जवळपास तसाच, ११ मीटरवर. बुध रव्याचा कण, ६ मीटरवर. मंगळ खसखशीपेक्षा लहान, २३ मीटरवर. गुरू गोटी, ७८ मीटरवर. शनी काबुली चणा (जरा टपोरा निवडा), १४३ मीटरवर. युरेनस आणि नेपच्यून मुगाचे दाणे, २८७ आणि ४५० मीटरवर. दाणे पुठ्ठ्याच्या चौकोनावर चिकटवून खाली नाव लिहा, नाहीतर पृथ्वी मातीत पडते आणि अर्धा तास शोधण्यात जातो. आमची दोनदा हरवली.

आमचं मैदान गुरूपाशी संपतं. शनी डांबरी रस्त्यापलीकडे, नेपच्यून पाण्याच्या टाकीशी. तिथून मागे वळून फुगा शोधायला सांगा. दिसत नाही. चंद्र पृथ्वीपासून किती दूर ठेवायचा हे आधी अंदाजाने ठेवायला लावा. मुलं दोन-तीन मीटर दूर पळतात. खरं अंतर चार सेंटिमीटरच्या आतलं. १४ जुलै २०२३ ला निघालेलं चांद्रयान-३ तेवढं अंतर कापून २३ ऑगस्टला उतरलं आणि मंगळ पृथ्वीच्या पुठ्ठ्यापासून जवळात जवळ आला तरी साडेपाच मीटरवर आहे. माणसं चंद्रावर गेली, मंगळावर का नाही, हा प्रश्न मग कुणी विचारत नाही. या मापात प्रकाश सेकंदाला तीन सेंटिमीटर जातो, जवळपास मुंगीच्या चालीने. आणि सूर्यानंतरचा सर्वांत जवळचा तारा, प्रॉक्झिमा सेंटॉरी, असा दुसरा फुगा मानला तर तो ४,००० किलोमीटरवर ठेवावा लागेल. भारताची उत्तर-दक्षिण लांबीही तेवढी नाही.

खबरदारी एकच : रस्ता ओलांडायचा असेल तर दोन शिक्षक हवेत. आणि ग्रह कधीच असे एका रांगेत नसतात हे शेवटी सांगायला विसरू नका.

४. चंद्राची वही

चंद्राच्या कला पृथ्वीच्या सावलीमुळे होतात, असं वर्गातली निम्मी मुलं सांगतील, आणि खरं सांगायचं तर काही शिक्षकही. वाद घालू नका. कृष्ण अष्टमीच्या सकाळी परिपाठाच्या वेळी पश्चिमेच्या आकाशात अर्धा चंद्र असतो. प्रत्येकाला एकेक लिंबू द्या. हात लांब करून ते उन्हात, चंद्राच्या अगदी शेजारी दिसेल असं धरायचं. लिंबू जेवढं आणि ज्या बाजूने उजळलेलं दिसतं, चंद्रही तंतोतंत तसाच. सूर्य पूर्वेला, चंद्र पश्चिमेला, दोन्ही आकाशात, मग पृथ्वीची सावली आली कुठून? हे मुलांच्या तोंडून येऊ द्या.

बाकीच्या नोंदींसाठी घरातली दिनदर्शिका आहेच. संकष्टीला आजी चंद्रोदयाची वाट बघत उपाशी असते, त्यामुळे वेळ बिनचूक नोंदली जाते. पौर्णिमेपासून संकष्टीपर्यंत रोज चंद्र किती उशिरा उगवतो ते काढायला सांगा. सरासरी ५० मिनिटांच्या आसपास येते. तिथी म्हणजे सूर्य आणि चंद्र यांच्यातलं बारा-बारा अंशांचं अंतर हेही याच वेळी सांगून टाकावं. पंचांगात गणित आहे, हे मुलांना नवीन असतं.

५. रांगोळीतलं लोणार

ताटात तीन बोटं जाडीची रांगोळी पसरा, वर हळदीचा पातळ थर चाळा. अर्धा, एक आणि दोन मीटरवरून तीच गोटी सोडा, प्रत्येक खड्ड्याची रुंदी मोजा. हळदीवर पांढऱ्या रेषा फाकतात, तशाच पौर्णिमेच्या चंद्रावर दिसतात. मग बुलढाणा जिल्ह्यातल्या लोणारचा फोटो दाखवा : बसाल्ट खडकातलं सुमारे १.८ किलोमीटर रुंदीचं विवर. एक फरक मात्र सांगा. आपली गोटी नुसती रुतते, खरी उल्का आदळताना स्फोट होतो, म्हणून ती तिरकी आली तरी विवर बहुधा गोलच होतं. हे वाऱ्याच्या दिवशी करू नका आणि मुलांना तोंडाला रुमाल बांधायला लावा.

६. पाण्याचं रॉकेट

मुलांचा सर्वांत लाडका आणि माझा सर्वांत धसक्याचा तास. रबरी बुचाला भोक पाडून त्यात सायकलच्या ट्यूबचा व्हॉल्व्ह घट्ट बसवा. कोल्ड्रिंकच्या बाटलीत एक तृतीयांश पाणी, बूच दाबून बसवा, बाटली उलटी करून विटांच्या घोडीवर ठेवा आणि लांब नळीच्या पंपाने हवा भरा. हवा पाणी खाली ढकलते, पाणी बाटलीला वर.

नियम फळ्यावर लिहून ठेवा :

– बाटली कोल्ड्रिंकचीच. पिण्याच्या पाण्याची पातळ बाटली दाब सोसत नाही. चरे पडलेली, उन्हात वाकलेली बाटली बाद.
– पंख सेलोटेपने लावा. गरम गोंदाने प्लास्टिक कमजोर होतं.
– टोकाला स्पंजचा तुकडा. लोखंडी, टोकदार काही नाही.
– पंप मारणारा मोठा माणूस, मुलं दहा मीटर लांब.
– रॉकेट उडालं नाही तर जवळ जायचं नाही. घोडीला आधीच बांधलेली दोरी लांबून ओढून बाटली पाडायची.

हा शेवटचा नियम अनुभवाचा. बूच अडकलं म्हणून मी स्वतः वाकले आणि बाटली कानाजवळून गेली. साडी भिजली, एवढ्यावर निभावलं. ते रॉकेट शेजारच्या टोमॅटोच्या बागेत पडलं ते वेगळंच. शेतमालकाला आदल्या दिवशी सांगून ठेवा.

नुसतं उडवून थांबू नका. पाणी अजिबात नाही, पाव, तिसरा हिस्सा, अर्धं, असं बदलत जा. ३० मीटरवर उभ्या मुलाने कोनमापकाला ओळंबा बांधून रॉकेट सर्वांत उंच असतानाचा कोन बघायचा आणि वहीत प्रमाणात त्रिकोण काढून उंची काढायची. कोन ४५ अंश आला तर उंची तीस मीटर, वर मुलाच्या डोळ्यापर्यंतची उंची. केरळात थुंब्याला, भारताच्या पहिल्या रॉकेट-केंद्रावर, सुरुवातीच्या काळात रॉकेटचे भाग सायकलवरून नेत, हे या तासाला सांगितलं की पंप धरणाऱ्या पोराची छाती फुगते.

पावसामुळे रॉकेट रद्द झालं तर बाटलीच्या तळाशी भोक पाडून पाणी भरा आणि ती व्हरांड्यात खुर्चीवर उभं राहून सोडा. खाली पडताना धार थांबते. २०२५ मध्ये शुभांशू शुक्ला अवकाश स्थानकात तरंगताना मुलांनी मोबाइलवर बघितले आहेत. तिथे गुरुत्वाकर्षण नसतं असं नाही, जमिनीवरच्या जवळपास नव्वद टक्के असतं. स्थानक आणि माणूस सोबतच पडत राहतात, पाणी आणि बाटली पडतात तसे.

७. रात्रीचं आकाश

आमच्या भागात बिबट्या आहे, म्हणून आकाशदर्शन मैदानात नाही, शाळेच्या गच्चीवर. पालक सोबत, साडेआठला समाप्ती, कुणीही एकट्याने घरी जायचं नाही. तुमच्याकडे बिबट्या नसेल तर विंचू-साप असतील. जागा दिवसा झाडून घ्या. महिने नोव्हेंबर ते फेब्रुवारी, अमावस्येच्या अलीकडचे दिवस. मोबाइलच्या टॉर्चला लाल जिलेटिन.

हात लांब केला की मूठ साधारण दहा अंश. उत्तरेला क्षितिजापासून दोन मुठी मोजल्या की ध्रुवतारा. इथे कुणीतरी हमखास म्हणतं, "बाई, सप्टेंबरचा एकोणीस!" मग कृत्तिका, रोहिणी, मृग, व्याध. नावं मुलांनी पावसाच्या गप्पांत ऐकलेली असतात, तारे पहिल्यांदा बघतात.

दुर्बीण घ्यायचीच असेल तर आधी ७×५० किंवा १०×५० ची (म्हणजे ७ किंवा १० पट, भिंग ५० मिलिमीटरचं) द्विनेत्री घ्या. तिवईला किंवा कठड्याला टेकवली तर गुरूचे चंद्र दिसतात. मोठी दुर्बीण घेताना खोक्यावरचे 'पट' विसरा, भिंगाचा व्यास विचारा. मिलिमीटरमधल्या व्यासाच्या दुपटीपलीकडे पट वाढवून फक्त धूसर दिसतं. साठ मिलिमीटरला १२० पट झाले. आमच्या खोक्यावरचे ५२५ कुठून आले, देव जाणे.

८. सहल, पण शेवटी

मुलांच्या वह्या भरल्यावरच सहल काढा. पुण्यात आयुका या खगोलशास्त्राच्या संशोधन संस्थेच्या आवारात मुक्तांगण विज्ञान शोधिका आहे, मुंबईत वरळीला नेहरू तारांगण आणि नेहरू विज्ञान केंद्र, नागपुरात रमण विज्ञान केंद्र. आम्हाला जवळचं म्हणजे खोडदचं जीएमआरटी, ही महाकाय रेडिओ दुर्बीण : प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना, काही मध्यभागी, बाकीच्या तीन दिशांना लांबवर पसरलेल्या. विज्ञान दिनाच्या सुमारास ते लोकांसाठी खुलं असतं, तेव्हा गर्दीही तशीच. मुख्याध्यापकांच्या सहीचं पत्र, मुलांची यादी, संमतीपत्रं आणि गटशिक्षणाधिकाऱ्यांची परवानगी यांना महिना धरून ठेवा. तिथे मोबाइल बंद ठेवावे लागतात, कारण त्या अँटेना ज्या क्षीण रेडिओलहरी टिपतात त्यापुढे खिशातला फोन म्हणजे कानाशी वाजणारा डीजे. म्हणून फोटोच्या भरवशावर राहू नका. प्रत्येकाच्या हातात वही द्या आणि बसमध्येच तीन प्रश्न लिहून घ्या.